गोष्टीतून 'अडचण आणि उपाय' शिकवताय? या चुका टाळा

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते. माठाच्या तळाशी पाणी, चोच पोचेना, खडे टाकले, पाणी वर आलं, कावळा उडाला. सांगायला दीड मिनिट. घोळ त्या दीड मिनिटातच आहे. कावळा नेमका कुठे अडला होता, हे मुलाला उमगायच्या आत आपण उत्तर देऊन मोकळे होतो.

शिशुवर्गात मी ही गोष्ट 'चोच पोचेना' इथे थांबवते. पहिलं उत्तर ठरलेलं: "ताई, माठ पाडायचा!" पूर्वी मी म्हणायचे, "नाही रे, नीट विचार कर." तेवढ्यावर पोर गप्प व्हायचं आणि बाकीची माझ्या तोंडाकडे बघत बसायची. आता म्हणते, "बरं, पाडला. मग?" जरा वेळाने कुणीतरी म्हणतं, "पाणी सांडेल." दुसरं म्हणतं, "खाली डबकं होईल ना, ते प्यायचं." खरं सांगायचं तर हे उत्तर काही वाईट नाही.

मग मी उभट ग्लास आणि गोट्या काढते. ग्लास अर्ध्याच्या बराच वर भरलेला असेल तर गोट्या टाकताच पाणी काठाला येतं. तळाशी दोनच बोटं पाणी असेल तर ते थोडंसं चढतं आणि गोट्यांच्या फटींतच अडकून बसतं. गोट्या काठापर्यंत आल्या तरी पाणी खालीच! म्हणजे चित्रातल्या त्या जेमतेम पाण्याच्या माठापाशी कावळ्याचं काही खरं नाही. उपाय कधी चालतो आणि कधी फसतो, हे मुलं इथे डोळ्यांनी बघतात.

वयाचा अंदाज चुकतो

२०१२ साली केंब्रिजच्या संशोधकांनी ४ ते १० वर्षांच्या मुलांना असंच कोडं घातलं होतं. नळीतल्या पाण्यावर तरंगणारं बक्षीस, आणि पाण्याची पातळी वाढवल्याशिवाय ते हाती येणार नाही. साधारण ८ वर्षांच्या पुढची मुलं पहिल्याच खेपेला यशस्वी झाली. ५ ते ७ वर्षांच्या मुलांना बऱ्याच खेपा लागल्या. तेव्हा ४ वर्षांच्या मुलाला नवाकोरा उपाय सुचला नाही म्हणून हिरमुसू नका. 'हा का अडलाय' एवढं त्याने ओळखलं तरी पुष्कळ झालं.

रडणं म्हणजे अडचण नव्हे

"गोष्टीत अडचण काय होती?" असं विचारलं की उत्तर येतं, "ससा रडत होता." आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. पण रडणं हा परिणाम आहे. मला दोन साधे प्रश्न उपयोगी पडतात: सशाला काय हवं होतं? आणि ते का मिळत नव्हतं? "त्याला पतंग हवा होता, पण तो उंच फांदीवर अडकला होता." 'पण' शब्द आला की अडचण हाती लागली. सुरुवातीला 'अडचण' हा शब्द नाही वापरला तरी चालतं.

परी येऊन सगळं ठीक करते, अशा गोष्टी ऐकायला छानच असतात. फक्त या कामाला त्या घेऊ नका. 'आई आली आणि पतंग काढून दिला' हीसुद्धा एक परीच. मात्र सशाने स्वतः जाऊन मदत मागितली असेल, तर तो उपायच आहे.

आणखी एक चूक अगदी घरगुती. मुलाने सकाळी खेळणं हिसकावलं, की रात्री हमखास 'एक होता मुलगा, तो कुणाला खेळणी देत नसे' ही गोष्ट. मुलं इतकी भोळी नसतात. दुसऱ्या वाक्याला त्यांना कळतं की हा मुलगा कोण. निदान चार-पाच दिवस जाऊ द्या, आणि पात्र कासवाचं वगैरे करा.

मूल काहीच बोलत नसेल तर

आधी आपण किती थांबतो ते मोजा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि ३ सेकंद थांबलं तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, असं अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात आढळलं होतं. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. तरीही शांतताच असेल तर दोन पर्याय द्या: "ससा उडी मारेल, की काठी शोधेल?" किंवा हातात खेळण्यातला ससा देऊन म्हणा, "तूच कर."

प्रत्येक वेळी "मारायचं" हेच उत्तर येत असेल तर दचकू नका. "मारलं. मग समोरच्याने काय केलं?" असं विचारत गोष्ट पुढे न्या. दोन-तीन वळणांनंतर पतंग अजून फांदीवरच आहे, हे मुलाच्याच लक्षात येतं.