मुलांना बातमी वाचायला कसे शिकवावे

माध्यम साक्षरतेचा तास बहुतेक ठिकाणी 'फेक न्यूज'पासून सुरू होतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. बातमी तयार कशी होते हे ठाऊक नसलेल्या मुलाला नुसते फसवणुकीचे प्रकार दाखवले, तर ते सावध होण्याऐवजी 'सगळेच खोटे बोलतात' असे ठरवून मोकळे होते, आणि मग गोव्यातल्या खाणींची, म्हादई नदीच्या पाण्याची किंवा आपल्याच पंचायतीची खरी बातमीही त्याला खरी वाटत नाही. म्हणून आठवी-नववीचा वर्ग असो, गावचे वाचनालय असो वा घर, सुरुवात छापील दैनिकापासून करावी.

१. एका दिवसाची दोन दैनिके समोर ठेवावीत

गोव्यात हे अवघड नाही. एकाच दिवसाची दोन मराठी दैनिके सहज मिळतात. पहिल्या तासाला बातम्या सविस्तर वाचून घेऊ नयेत. मुलांच्या हाती रंगीत पेन्सिली देऊन जाहिरात कोणती, दैनिकाच्या प्रतिनिधीने आणलेली बातमी कोणती आणि वृत्तसंस्थेची कोणती, एवढ्याच खुणा करायला सांगावे. बातमीच्या आरंभी 'प्रतिनिधी' किंवा वृत्तसंस्थेचे नाव दिलेले असते, त्याकडे मुलांचे एरवी लक्ष जात नाही. दोन्ही दैनिकांत एखादी बातमी जवळजवळ शब्दशः सारखी आढळली, तर ती बहुधा प्रसिद्धी पत्रकावरून घेतलेली असते. त्यात गैर काही नाही. मात्र तीत दिसते ती पत्रक काढणाऱ्याची बाजू, मग ते एखाद्या सरकारी खात्याचे असो वा संस्थेचे. नेत्यांच्या वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छा आपल्याकडे नव्या नाहीत. त्या पानाचे पैसे कोणी भरले असतील, हा प्रश्न मुलांना विचारून पाहावा. उत्तरे मजेशीर येतात आणि बरीचशी बरोबरही असतात.

त्यानंतर बारीक टायपात छापलेली मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे शोधायला लावावीत. छापलेल्या मजकुराची जबाबदारी कोणावर, हे त्या ओळीवरून कळते. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुराला अशी ओळ नसते.

२. एकाच घटनेचे दोन मथळे लिहून घ्यावेत

या पायरीला पुरेसा वेळ द्यावा, कारण खरा धडा इथे आहे. उदाहरण आपल्याच इतिहासातले घ्यावे. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून राहावे, हे मतदारांना ठरवायचे होते. विलीनीकरणाची निशाणी फूल होती आणि संघप्रदेशाची दोन पाने. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, तर 'राष्ट्रमत' विरोधात उभा होता. दोन्ही दैनिके मराठी होती, त्यामुळे भाषेवरून भूमिका ओळखता येते हा समज इथेच गळून पडतो.

वर्गाचे दोन गट करून दोघांनाही तेच आकडे द्यावेत: गोव्यात संघप्रदेशाला १,७२,१९१ मते आणि विलीनीकरणाला १,३८,१७० मते. प्रत्येक गटाने आपल्या बाजूच्या दैनिकासाठी मथळा लिहावा. अट एवढीच, की त्यात एकही शब्द खोटा नसावा. 'दोन पानांचा ३४,०२१ मतांनी विजय' हा मथळा खरा आहे, आणि 'विलीनीकरणाच्या पाठीशी ४४.५ टक्के मतदार' हाही वैध मतांच्या हिशेबाने खराच आहे. खोटे न बोलताही वाचकाला हव्या त्या दिशेला वळवता येते, हे मुले इथे स्वतःच्या हाताने करून पाहतात. मग दुसऱ्या गटाच्या मथळ्यात काय गाळले आहे, ते फळ्यावर मांडायला सांगावे. असेच काम पुढे चालू विषयांवर करून घेता येते, पण तिथे घरातली राजकीय मते वर्गात येतात. तेव्हा शिक्षकाने स्वतःचा कल शेवटपर्यंत झाकून ठेवलेला बरा.

३. मग फॉरवर्ड तपासायला घ्यावा

पावसाळ्यातला 'उद्या सर्व शाळांना सुटी' हा संदेश या कामाला अगदी योग्य, कारण तो खरा निघावा अशी मुलांची मनापासून इच्छा असते. जे खरे असावेसे वाटते तेच आधी तपासावे, हा नियम त्यातूनच पटतो. परिपत्रकाच्या फोटोवर तारीख व वर्ष दिसते का, क्रमांक आहे का, वरचा किंवा खालचा भाग कापला आहे का, हे पाहावे. त्यानंतर त्याच फोटोकडे टक लावून न बसता बाहेर पडावे: शिक्षण संचालनालयाने काही जाहीर केले आहे का, आकाशवाणीच्या बातम्यांत ते आले का, हे शोधावे. अनुभवी तथ्य तपासनीसही असेच करतात. संशयास्पद पान शेवटपर्यंत वाचण्याआधी इतर ठिकाणी त्याविषयी काय सांगितले आहे ते बघतात.

इथेच हवामानाच्या रंगांचा अर्थही सांगून टाकावा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. लाल इशारा म्हणजे सुटीची घोषणा नव्हे. सुटी जाहीर करणे हे वेधशाळेचे कामच नाही. तसेच चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तरच वेधशाळेच्या परिभाषेत तो 'अत्यंत जोरदार' ठरतो. हा आकडा वहीत लिहून ठेवला, की दुसऱ्या दिवशीचे मथळे ताडून पाहता येतात.

पुराचे किंवा दरड कोसळल्याचे छायाचित्र आले, तर ते गूगल लेन्समध्ये टाकून पूर्वी कुठे आणि केव्हा प्रसिद्ध झाले होते ते पाहावे. जुने छायाचित्र नव्या घटनेला जोडण्याचे प्रकार त्यातून पुष्कळदा उघड होतात.

४. चूक आढळली तर संपादकांना लिहावे

दैनिकात खरोखर चूक सापडली, तर ती समाजमाध्यमांवर मिरवण्याऐवजी संपादकांना पत्र लिहायला लावावे. पत्रात अंकाची तारीख, पान क्रमांक, चुकीचे वाक्य जसेच्या तसे आणि बरोबर माहितीचा पुरावा, एवढे पुरे, टोमणे नकोत. वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या भारतीय पत्रपरिषदेकडे (प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया) तक्रार करायची झाली, तरी तक्रारदाराने आधी संपादकांना लिहिलेले असावे लागते. परिषद वृत्तपत्राला समज किंवा ताशेरा देऊ शकते, दंड करू शकत नाही, आणि दूरचित्रवाणी वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत, हेही मुलांना सांगावे. पत्र पाठवल्यावर त्याची प्रत वहीत ठेवावी, आणि दुरुस्ती छापून आली तर तिचे कात्रण मूळ बातमीशेजारी चिकटवून ती कितव्या पानावर, किती ओळींत आली याची नोंद करावी.