सैन्याच्या खर्चानं लॉ स्कूल: आधी वर्षं मोजा

गेल्या महिन्यात टेक्सासहून एका मराठी मुलीचा फोन आला. अमेरिकन भूदलात लेफ्टनंट, नोकरीला सव्वातीन वर्षं झालेली. पहिलाच प्रश्न, "ताई, लॉ स्कूलची फी सैन्य खरंच भरतं का?"

भरतं. मी त्याच वाटेनं वकील झाले. 2018 साली लॉ स्कूलला गेले, 2021 साली पदवी घेतली आणि आता जॅग कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या स्वतःच्या वकिलांच्या दलात काम करते. तिला फोनवर जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते. ही योजना अर्धवट ऐकून अर्ज करणारे आणि अर्धवट ऐकून नाद सोडणारे, दोन्ही मी पाहिलेत.

नाव फंडेड लीगल एज्युकेशन प्रोग्रॅम. बोलताना सगळे ‘फ्लेप’ म्हणतात. नोकरी न सोडता तीन वर्षं पूर्णवेळ कायदा शिकायचा. पगार चालू, घरभाडं भत्ता चालू, फी सैन्याकडून. एका वर्षात एका लष्करी विभागातून, म्हणजे भूदल, नौदल किंवा हवाई दलाच्या खात्यातून, जास्तीत जास्त 25 जण पाठवता येतील, अशी मर्यादा कायद्यातच आहे. घरी आईला समजावताना मी ‘स्कॉलरशिप मिळाली’ असं सांगितलं होतं. तो शब्द चुकीचा होता. कागदोपत्री ही बदली असते. वर्गात बसलेले असतानाही तुम्ही सैन्याचे नोकरदारच असता, आणि या एका गोष्टीवरून पुढचं सगळं ठरतं.

म्हणून पहिलं काम, कॅलेंडर घेऊन बसा. अधिकाऱ्यासाठी अट अशी आहे: लॉ स्कूल सुरू होईल तेव्हा सक्रिय सेवेची किमान दोन आणि कमाल सहा वर्षं झालेली हवीत, आणि हुद्दा कॅप्टन किंवा त्याखालचा हवा. पूर्वी ही वाट फक्त अधिकाऱ्यांना खुली होती. आता ई-5 ते ई-7 या श्रेणींतले सार्जंटही अर्ज करू शकतात. त्यांच्यासाठी चार ते आठ वर्षं, आणि अधिकारी होण्याची पात्रता हवी. नागरिकत्व अमेरिकेचंच लागतं. ग्रीन कार्डावर भरती झालेल्या आपल्या मुलांनी ते काम आधी उरकावं.

वर्षं अर्जाच्या तारखेला मोजत नाहीत, शिक्षण सुरू होण्याच्या तारखेला मोजतात. माझ्याबरोबरच्या एका कॅप्टनचा एलसॅटचा, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा गुण उत्तम होता, शिफारसपत्रंही भक्कम होती. पण ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू होईतो त्याची सहा वर्षं आणि दोन महिने भरत होते. विषय तिथेच संपला. इतका हुशार माणूस दोन महिन्यांपायी हुकलेला पाहिल्यापासून मी भेटेल त्याला आधी तारीख विचारते.

आता उलटे मोजत या. कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होतं. भूदलाचे अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत घेतात. नेमकी तारीख त्या वर्षीच्या मिलपर संदेशात, म्हणजे भूदलाच्या मनुष्यबळ खात्याच्या परिपत्रकात येते. त्याआधी एलसॅटचा गुण हातात हवा, म्हणजे परीक्षा उन्हाळ्यात. तिच्या अभ्यासाला सहा महिने. म्हणजे कॉलेजच्या दीड वर्ष आधी जानेवारीत पुस्तक उघडलेलं बरं. मी पहिल्या खेपेला हा हिशेब केला नव्हता. माझ्या वरिष्ठांची सहमती हवी होती आणि ते तीन आठवडे सरावासाठी रानात होते. कागद टेबलावर पडून राहिला, मुदत गेली, एक वर्ष गेलं. वर्षं शिल्लक होती म्हणून निभावलं. वरिष्ठांच्या सह्या लागणारा प्रत्येक कागद मुदतीच्या सहा आठवडे आधी त्यांच्यापुढे ठेवा.

दुसरं काम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: एलसॅटला पैसे भरण्याआधी तळावरच्या स्टाफ जज अ‍ॅडव्होकेटच्या ऑफिसात जा. तळावरच्या वकिलांचा तो प्रमुख. फोन करून वेळ मागा, त्यांची लोकं काय करतात ते दोन दिवस बघू द्या म्हणून विनंती करा. कुणी हाकलून देत नाही. सैन्यातला वकील फक्त कोर्ट मार्शल लढवतो अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात तो सकाळी एखाद्या शिपायाचं मृत्युपत्र करतो, दुपारी खरेदीच्या कराराची कलमं तपासतो, आणि मोहिमेवर असला तर अमुक लक्ष्यावर मारा करणं युद्धाच्या कायद्यात बसतं का हे कमांडरला सांगतो. हे काम आवडतं का, याचं उत्तर तिथेच मिळतं.

मला ते ऑफिस कळलं एका शिपायामुळे. मी कॅन्ससमध्ये रसदीच्या कंपनीत होते. परदेशी तैनातीचा हुकूम आला आणि आमच्या एकोणीस वर्षांच्या पोराला त्याचा घरमालक म्हणू लागला, भाडेकरार मोडलास, उरलेल्या सात महिन्यांचं भाडं टाक. पोरानं कर्ज काढायची तयारी केली होती. मी त्याला घेऊन लीगल असिस्टन्सच्या खिडकीशी गेले. तिथल्या कॅप्टननं सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ अ‍ॅक्टचा आधार देऊन एक पानाचं पत्र लिहिलं, सोबत हुकुमाची प्रत जोडली. दीर्घ तैनातीचा हुकूम असेल तर लेखी सूचना देऊन भाडेकरार संपवता येतो, आणि सूचनेनंतरची जी पुढची भाड्याची तारीख असेल तिच्यापासून तीस दिवसांनी तो संपतो. घरमालक गप्प झाला. एका पानात एका पोराचं वर्ष वाचलं, आणि ते पान मला लिहिता येत नव्हतं.

माझ्या अर्जातल्या निवेदनात मी हेच लिहिलं. ‘लहानपणापासून न्यायाची ओढ’ वगैरे सगळं खोडलं. तुम्हीही तुमच्या हातून गेलेलं एक प्रकरण शोधा. आर्टिकल 15 ची, म्हणजे किरकोळ गुन्ह्यासाठी कोर्टाबाहेरच्या शिक्षेची कारवाई तुम्ही लिहिली असेल, हरवलेल्या मालाची चौकशी केली असेल. काय घडलं, तुम्हाला कायद्यातलं काय माहीत नव्हतं, ते माहीत असतं तर काय वेगळं केलं असतं, एवढंच लिहा.

अर्जासाठी एका वरिष्ठ जज अ‍ॅडव्होकेटपुढे मुलाखत द्यावी लागते. वकील व्हायचंय की सैन्यातच राहून वकील व्हायचंय, हे मुलाखतीत वेगवेगळ्या वाटांनी विचारतात. शहरातल्या मोठ्या फर्मची स्वप्नं असतील तर मुलाखतीआधी स्वतःशी खरं बोला, कारण बांधिलकी मोठी आहे. शिक्षणाच्या प्रत्येक वर्षाला दोन वर्षं सेवा, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला सहा. माझी 2027 ला पुरी होतील. आधीची बांधिलकी शिल्लक असेल तर ती यात कशी धरली जाते, ते करारात वाचून, कळलं नाही तर विचारून मगच सही करा. अभ्यासात मागे पडून योजनेतून बाहेर काढलं, तरी सैन्य दुसऱ्या कामावर सेवा घेऊ शकतं.

एलसॅटबद्दल थोडक्यात. गुण 120 ते 180 मध्ये असतो. ऑगस्ट 2024 पासून त्यातला कोड्यांचा भाग गेला. आता गुण धरले जातात ते तर्काचे दोन विभाग आणि वाचनाचा एक, प्रत्येकी 35 मिनिटं. जुनी पुस्तकं कुणी फुकट देत असेल तर एवढं पाहून घ्या. साडेसहाच्या पीटीच्या आधी, पहाटे साडेचार ते सहा, मी अभ्यास केला. संध्याकाळचा भरवसा सैन्यात धरता येत नाही.

लॉ स्कूलला अर्ज आपले आपणच करायचे, सैन्याची निवड त्याहून वेगळी. फी सैन्य भरत असलं तरी खर्चाकडे बघतं, म्हणून यादीत सरकारी विद्यापीठं ठेवा. सक्रिय सेवेतल्या माणसाला त्याच्या अधिवासाच्या किंवा कायम नेमणुकीच्या राज्यात सरकारी विद्यापीठानं स्थानिकांच्याच दरानं फी लावावी, असा संघराज्याचा कायदा आहे. प्रवेश कार्यालयाला हे लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

प्रत्यक्ष शिक्षण इतरांसारखंच, फक्त सुट्टी तुमची नसते. वर्गातले मित्र उन्हाळ्यात फर्ममध्ये इंटर्नशिपला जातात, तुम्ही वर्दी चढवून जवळच्या तळावरच्या वकिली ऑफिसात काम शिकायला. मला ते फार आवडलं. पदवीनंतर बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा, आणि मग व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलला जज अ‍ॅडव्होकेट जनरल्स लीगल सेंटर अँड स्कूलमध्ये मूळ अभ्यासक्रम. ती शाळा व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लॉ स्कूलला अगदी लागून आहे.

हवाई दल आणि मरीन यांच्याही अशाच योजना आहेत. त्यांच्याकडे ‘एक्सेस लीव्ह’ म्हणजे जादा रजा असाही प्रकार आहे: नोकरी टिकते, पण पगारही नाही आणि फीही आपली. नाव सारखं ऐकू आलं तरी कुठल्या कागदावर सही करताय ते पाहा. सहा वर्षं उलटलेल्यांनी हातपाय गाळू नयेत. सेवा संपवून पोस्ट-9/11 जीआय बिलावर, म्हणजे सेवा केलेल्यांना शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी लाभावर, लॉ स्कूल करता येतं. त्यात 36 महिन्यांचा लाभ असतो आणि सरकारी कॉलेजातली स्थानिक दराची फी पूर्ण भरली जाते. जॅगमध्ये यायचं असेल तर मग नव्यानं अर्ज करायचा.

साताऱ्याचे माझे चुलतभाऊ विचारतात, आपल्याकडे असं आहे का? भारतीय सैन्याच्या जॅग प्रवेशाचा क्रम उलटा आहे: आधी एलएलबी 55 टक्क्यांनी, मग निवड, मग चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत (ओटीए) प्रशिक्षण. सैनिकी कायदा शिकवणारी त्यांची संस्था आपल्या नागपूरजवळ कामठीत आहे. भावाच्या मुलीला मी तोच रस्ता सांगितलाय.

टेक्सासची ती मुलगी पुढच्या ऑगस्टला साडेचार वर्षांवर असेल. पण या वर्षीचा नोव्हेंबर तिच्या एलसॅटला पुरणार नाही. त्याच्या पुढच्या ऑगस्टला ती साडेपाच वर्षांवर, म्हणजे अजून आत. तळावरच्या वकिली ऑफिसात तिनं मंगळवारी सकाळी नऊची वेळ घेतली आहे.