स्पर्धेत मिळालेला लिनक्स सर्व्हर सुरक्षित कसा करायचा

सायबर सिक्युरिटीच्या विद्यार्थी स्पर्धेत टीमला एक व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) देतात, त्यात मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, ती शोधून बुजवायची आणि त्याचे पॉइंट घ्यायचे. लॉगिन झाल्या झाल्या दिसेल ते डिलीट करत सुटू नका. आधी रीडमी, म्हणजे सोबत दिलेली सूचनांची फाईल, शेवटपर्यंत वाचा, कोण अधिकृत युजर, कोणाला ॲडमिनचे हक्क, कुठली सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) चालूच राहिली पाहिजे हे सगळं त्यातच असतं आणि ती सर्व्हिस बंद पडली की पॉइंट कापले जातात.

मग फॉरेन्सिक प्रश्न, म्हणजे मशीनवर पुरावे शोधून उत्तर द्यायचे प्रश्न. हे आधीच उरका, कारण एखादी फाईल कुणी ठेवली असं विचारलंय आणि तुम्ही तो युजर होम फोल्डरसकट उडवलात तर पुरावाच गेला.

आता युजर, इथे घाई नको. ईटीसी फोल्डरमधली पासडब्ल्यूडी फाईल उघडा. प्रत्येक ओळीत कोलनने वेगळे केलेले भाग असतात, त्यातला तिसरा म्हणजे युजर आयडी. रूट म्हणजे सगळे हक्क असलेला मुख्य युजर, त्याचा 0 असतो. दुसऱ्या कुणाचाही 0 दिसला तर नाव कितीही साधं असू दे, त्याच्याकडे रूटचीच ताकद आहे. उबंटूवर (हा लिनक्सचाच एक प्रकार) आपण बनवलेल्या युजरचे आयडी 1000 पासून सुरू होतात, त्याखालच्या सर्व्हिस अकाउंटच्या ओळीत शेवटी बॅश, म्हणजे लॉगिन करून कमांड द्यायचा प्रोग्राम, दिसलं तर का आहे ते तपासा, लगेच काढू नका, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अकाउंटला ते मुळातच असतं. सुडो ग्रुपमध्ये, म्हणजे ॲडमिनचे हक्क असलेल्यांत, कोण कोण आहे तेही रीडमीशी जुळवा, आणि हे हक्क ठरवणाऱ्या सुडोअर्स फाईलमध्ये पासवर्ड न विचारता हक्क देणारी ओळ कुणी घुसवलीय का ते बघा.

एसएसएचमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून दुरून लॉगिन करायच्या सर्व्हिसमध्ये, रूट लॉगिन बंद करा. पण एक लक्षात ठेवा, तिच्या सेटिंगच्या फाईलींत एकच सेटिंग दोनदा आलं तर पहिलं लागू होतं आणि नव्या उबंटूत मुख्य फाईलच्या सुरुवातीलाच वेगळ्या फोल्डरमधल्या फाईली ओढून घेतात, त्यामुळे तुम्ही मुख्य फाईलमध्ये 'नो' लिहिलं तरी तिकडचं 'येस' जिंकतं! तो फोल्डर बघाच. आणि पासवर्डऐवजी चालणाऱ्या डिजिटल किल्ल्यांच्या, म्हणजे ऑथराइज्ड कीज फाईलमध्ये अनोळखी की असेल तर पासवर्ड बदलूनही तो माणूस आत येतो.

फायरवॉल, म्हणजे नको ती कनेक्शन अडवणारी भिंत, चालू करायच्या आधी रीडमीतल्या सर्व्हिसचे पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचे नंबर दिलेले दरवाजे) उघडा, एसएसएचवरून काम करत असाल तर 22 नंबरचा पहिला, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. कुठला प्रोग्राम कुठल्या पोर्टवर ऐकतोय त्याची यादी काढा, नको त्या सर्व्हिस बंद करा. काढून टाकलेली गोष्ट थोड्या वेळाने परत उगवली तर क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी यादी, बघा, रूटचा आणि प्रत्येक युजरचाही. सिस्टीम अपडेटला वेळ लागतो, फॉरेन्सिक झाले की ते मागे चालू ठेवून बाकीचं करा.

प्रत्येक मोठ्या बदलानंतर स्कोअर रिपोर्ट उघडा, पॉइंट घसरले तर शेवटचा बदल आधी उलटवा. म्हणून काय बदललं ते एकाने सतत लिहीत राहायचं.