सॉकेट प्रोग्रामिंग करताय? या चुका टाळा

'दादा, माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय' असं कुणी म्हणालं की मी कोड उघडण्याआधी दोनच गोष्टी विचारतो. रिसीव्ह, म्हणजे सॉकेटमधून (दोन प्रोग्रॅममधल्या नेटवर्क जोडणीचं टोक) बाइट्स घेणं, लूपमध्ये आहे का? टाइमआऊट, म्हणजे किती वेळ वाट बघायची त्याची मर्यादा, लावलाय का? उत्तर बहुतेकदा दोन्हीला 'नाही'च.

टीसीपीला, म्हणजे सॉकेटमागं बाइट्स क्रमानं पोचवणाऱ्या नेटवर्कच्या नियमावलीला, तुमचा मेसेज वगैरे काही कळत नाही. त्याला फक्त बाइट्सची धार माहीत. तुम्ही एकदा सेंड केलं म्हणून पलीकडं ते एकदाच, अख्खं हाती येईल, असा त्याचा शब्द नाही.

लातूरच्या एका आडतीवर एका पोरानं पायथनमध्ये काम करून दिलं होतं. सर्व्हर आतल्या खोलीत, क्लायंट वजनकाट्यावर, शेतकऱ्यांच्या नावांची यादी इकडून तिकडं. रिसीव्हला १०२४ दिलेले, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त तेवढे बाइट घ्यायचे. चाचणीत चार नावं, सगळं गोड. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक वाढली, यादी लांबली आणि युनिकोड डीकोड एरर (बाइटांची अक्षरं करता येत नाहीत) सुरू. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'लातूर' म्हणजे काना-उकार धरून ५ चिन्हं, १५ बाइट. तुकडा चिन्हाच्या मधोमध तुटायला कितीसा वेळ!

पोरानं १०२४ चे ६५५३६ केले. घरी एकाच मशीनवर चाललं. यार्डात केबलवरून एका पॅकेटात साधारण १४६० बाइटच जातात, म्हणजे पुन्हा तुकडे. मग त्यानं मध्ये स्लीप, म्हणजे थोडा वेळ थांबायची आज्ञा, घातली. (स्लीप घालून नेटवर्क दुरुस्त करणाऱ्यांना मी कोडला हातच लावू देत नाही.) शेवटी डीकोडला 'एरर्स इग्नोर', म्हणजे न जुळणारे बाइट गुपचूप टाकून दे. एरर गेली, पण 'मारुती'चा 'मारुत' झाला आणि हिशोबपट्टीवरून मुनीमाशी भांडणं लागली.

मी आधी ४ बाइटांत लांबी पाठवतो, नेटवर्क बाइट ऑर्डरमध्ये (सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी). मग तेवढे बाइट जमेपर्यंत लूप, आणि डीकोड सगळं हाती आल्यावरच. लांबी एन्कोड झाल्यानंतरची, म्हणजे अक्षरांचे बाइट झाल्यावरची, मोजा, नाहीतर ५ सांगून १५ पाठवाल. पाठवायला सेंड नको, ते अर्धवट पाठवूनही परत येतं; सेंडऑल वापरा. रिसीव्हनं रिकामे बाइट दिले तर समोरच्यानं कनेक्शन बंद केलंय. तिथंच लूप तोडा, नाहीतर सीपीयू १०० टक्क्यांवर जातो.

दुसरं, लाइट. आपल्या मराठवाड्यात ती जाणारच, हे धरूनच कोड लिहावा. काट्यावरची लाइट गेली की क्लायंट निरोप न घेता मरतो. सर्व्हरला पत्ता नाही, तो रिसीव्हवर बसून राहतो, आणि एकच थ्रेड (एका वेळी एकाच क्लायंटकडं बघणारा) असेल तर मागचे सगळे खोळंबतात. 'पण कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ते टीसीपीनंच तपासणं) लावलंय' म्हणाल, तर लिनक्सवर त्याची पहिली चौकशी मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. तोवर ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत लागलेले असतात. मी क्लायंटकडून दर १० सेकंदांनी हजेरी घेतो, आणि ३० सेकंद शांतता दिसली की सॉकेट बंद.

'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' आलं की पोर्ट ५००० चा ५००१ करत सुटू नका. बाइंडच्या (सर्व्हरला पत्ता नि पोर्ट नेमून देणं) आधी रीयूज अ‍ॅड्रेसचा ऑप्शन लावा. आणि सर्व्हर १२७.०.०.१ वर (हा पत्ता फक्त त्याच मशीनपुरता) बाइंड करून दुसऱ्या मशीनवरून कनेक्ट होत नाही म्हणून फोन करू नका. ०.०.०.० (मशीनचे सगळे पत्ते) करा, फायरवॉल बघा, मग बोलू.