जुन्या आयपॅडवर चिकटलेले चौकोन

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका काकूंच्या फराळाची वेबसाइट. आयओएस १२ वर थांबलेल्या त्यांच्या आयपॅडवर पदार्थांचे चौकोन एकमेकांना चिकटून दिसायचे. कारण फ्लेक्स या वेबपानाच्या मांडणी-पद्धतीतला गॅप (चौकोनांमध्ये अंतर सोडण्याची सूचना): फायरफॉक्समध्ये तो २०१८ला आला, क्रोममध्ये २०२०ला, सफारीत थेट २०२१ला. क्रोम टाकूनही उपयोग नव्हता, त्या आयपॅडवर क्रोमही सफारीचंच इंजिन, म्हणजे पान दाखवणारा आतला भाग, वापरतो. ‘हे तुला येतं का?’ असं ब्राउझरला विचारणारी सपोर्ट्सची अटही इथे फसवते. ग्रिड या दुसऱ्या मांडणी-पद्धतीतला गॅप माहीत असल्याने ब्राउझर ‘हो’ म्हणतो.

नवं मानक लवकर वापरावं, असंच मला वाटतं. पण ते नसेल तिथेही चकलीचा भाव वाचता यायला हवा, ऑर्डर देता यायला हवी. म्हणून मांडणी ग्रिडवर नेली. तिथला गॅप सफारी १२पासून चालतो. चौकोन लगेच सुटे झाले.