निळं पाणी प्लाझ्माखाली धरताना

प्लाझ्माने, म्हणजे जास्त व्होल्टेजने चमकवलेल्या हवेने, पाण्यातला रंग तोडायचा असेल, तर इचलकरंजीच्या कापड उद्योगाच्या रंगीत सांडपाण्याला हात घालण्याआधी मिथिलीन ब्लू या साध्या निळ्या रंगावर हात बसवा. मी उलटं केलं आणि महिना घालवला. लिटरला १० मिलिग्रॅम रंग पुरे. ९ सेंटीमीटरच्या पेट्री डिशमध्ये ३० मिली ओता, थर जेमतेम अर्धा सेंटीमीटर होतो. प्लाझ्मा वरच्यावरच काम करतो, पाणी खोल असलं की तळ निळाच राहतो.

डिशखाली अर्थिंग केलेली तांब्याची पट्टी. वर काच चढवलेला इलेक्ट्रोड, पाण्यापासून ३-४ मिलिमीटरवर. व्होल्टेज हळू चढवा. जांभळट तंतू नाचायला लागले, झेरॉक्सच्या दुकानासारखा वास आला, की ओझोन तयार होतोय. तो श्वासाला घातक, म्हणूनच हे सगळं फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढणारं प्रयोगशाळेतलं कपाट), जाणकार सोबत असतानाच. बंद केल्यावरही उरलेला चार्ज जमिनीत सोडणारी अर्थिंगची काठी इलेक्ट्रोडला टेकवल्याशिवाय हात लावायचा नाही. घरी तर मुळीच नको.

दर ५ मिनिटांनी थांबून डिशचं वजन करा, उडालेलं पाणी डिस्टिल्ड वॉटरने भरा, मगच स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) ६६४ नॅनोमीटरला रीडिंग. मी ही भर विसरायचो, आकडे फसवे यायचे.

रंग गेला म्हणून नाचू नका. हवेतल्या नायट्रोजनमुळे नायट्रिक आम्ल बनतं, पीएच घसरतो. शिवाय रंग गेला तरी त्याचे तुकडे पाण्यात उरू शकतात. म्हणून पीएच आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) दोन्ही तपासा.