स्वस्तातलं होम थिएटर घेताना आणि बसवताना या चुका टाळा

सोयाबीनची पट्टी हातात आली, दसरा-दिवाळीच्या ऑफर लागल्या की आपल्याकडं मोठा टीव्ही आणि त्याच्यासोबत होम थिएटर अशी खरेदी जोरात सुरू होते. टीव्ही आता एवढे पातळ झालेत की त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागं तोंड करून बसवलेले असतात, आवाज दबका येणारच, त्यामुळं वेगळी साउंड सिस्टीम घ्यावी वाटणं अगदी बरोबर आहे. पण बऱ्याच घरात असं होतं की सेट आला, पहिल्या दिवशी गाणी लावून गल्ली गोळा केली, आणि आठ दिवसात घरातली म्हातारी माणसं म्हणायला लागतात की बोलतेत काय तेच कळंना, बंद करा ते धाडधाड. मला वाटतं घरच्या सिस्टीमची परीक्षा एकच आहे, रात्री हळू आवाजात लावल्यावर माणसांचं बोलणं स्वच्छ कळतं का. बास, लाईट, डब्यांची संख्या हे सगळं त्याच्या नंतर.

वॉटचा आकडा बघून भुलणं

खोक्यावर मोठ्या अक्षरात १०,००० वॉट पीएमपीओ (म्हणजे क्षणभरासाठीची कमाल ताकद) लिहिलेलं असतं. हा पीएमपीओ मोजायची सगळ्यांनी मानलेली अशी पद्धतच नाही, ज्याला जो आकडा छापावा वाटला तो तो छापतो. दुकानदाराला आरएमएस, म्हणजे सेट सतत देऊ शकतो ती खरी ताकद, किती ते विचारा, आणि तो नुसता तोंडी सांगत असेल तर खोक्यावर किंवा मॅन्युअलमध्ये दाखव म्हणा. अजून एक सोपी खूण म्हणजे सेटच्या मागच्या पट्टीवर तो लाईट किती खातो ते लिहिलेलं असतं. तो आकडा साधारण आवाजाला धरून दिलेला असतो म्हणून चांगल्या कंपनीच्या सेटमध्येसुद्धा तो आउटपुटपेक्षा कमी दिसू शकतो, पण मागं ६० वॉट आणि पुढं १०,००० वॉट असला फरक कुठल्याच हिशोबात बसत नाही.

आणि वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होतो असंही नाही. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल (आवाज मोजायचं माप) वाढतात, कानाला थोडासा फरक कळतो बस. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. बारा बाय चौदाच्या बैठकीत ४० का ८० यावर घासाघीस करण्यापेक्षा कोणत्या सेटमध्ये बोलणं साफ येतं ते ऐका. दुकानदार डीजेचं गाणं लावून दाखवतो, तिथं सगळंच भारी वाटतं. आपल्या पेनड्राइव्हमध्ये एखादं कीर्तन घेऊन जा, टाळ-मृदंग थांबून महाराज बोलायला लागले की आवाज घोगरा होतो का, डब्यातून आल्यासारखा येतो का ते लगेच कळतं. लातूरची गंजगोलाई असो का संभाजीनगरचं पैठण गेट, दुकानदाराला आवाज कमी करून ऐकवायला सांगायला लाजायचं नाही.

नावाचं ५.१

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. ५.१ म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, मागं दोन, असे पाच स्पीकर आणि .१ म्हणजे सबवूफर, फक्त बास वाजवणारा मोठा डबा. हे खरं चालायचं तर टीव्हीतून येणारा डॉल्बी सिग्नल (सगळ्या स्पीकरांचा आवाज एकत्र बांधून पाठवलेला) उलगडून प्रत्येक स्पीकरला त्याचा त्याचा आवाज वाटून द्यायला सेटमध्ये डीकोडर लागतो. स्वस्तातल्या कितीतरी सेटमध्ये तो नसतोच. मागं लाल-पांढऱ्या पिनांचं ऑक्स, एक ब्लूटूथ आणि पेनड्राइव्हची खाच एवढंच असतं, त्यातून दोनच चॅनल आत जातात आणि तेच दोन चॅनल पाचही डब्यात वाजवले जातात. मागून वाजणारा डबा समोरचंच बोलतो, म्हणून सिनेमात बोलणं चारही बाजूनं येऊन गिचका होतो.

घ्यायच्या आधी सेटच्या मागं एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनं सेटकडं आणणारं पोर्ट) किंवा निदान ऑप्टिकल (प्रकाशावर चालणाऱ्या वायरीचं पोर्ट) आहे का बघा आणि डॉल्बी डिजिटल डीकोड करतो असं स्पष्ट लिहिलंय का बघा. नसेल आणि बजेट तेवढंच असेल तर सरळ दोन चांगले स्पीकर घ्या, नाहीतर २.१ चा साउंडबार. दहा हजारात पाच हलके डबे घेण्यापेक्षा दोन चांगले डबे कधीही बरे, याबाबतीत माझं मत पक्कं आहे. जुना पण चालू रिसीव्हर (सिग्नल उलगडून स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) आणि लाकडी डब्याचे स्पीकर सेकंडहँड मिळत असतील तर तेही बघायला हरकत नाही, फक्त रिसीव्हर किमान किती ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या अडथळ्याचं माप) स्पीकर चालवतो ते मागं वाचून घ्या, ८ ओहमच्या खाली लावू नका लिहिलेल्याला ४ ओहमचे लावले की तो तापून बंद पडतो. आणि वायरलेस रिअर लिहिलेलं असलं तरी त्या मागच्या स्पीकरला बहुतेक वेळा लाईटचं बटन-पिन लागतं, सोफ्यामागं सॉकेट आहे का ते आधी बघा.

टीव्हीला चुकीचं जोडणं

नवीन सेट आणून ब्लूटूथवर लावणारे लई लोक आहेत. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात, वर ५.१ पण मिळत नाही. वायर लावा. टीव्हीला दोन-तीन एचडीएमआय असतात पण एआरसी त्यातल्या एकाच पोर्टवर असतं, पोर्टजवळ तसं छापलेलं असतं. त्याच पोर्टमधून सेटच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टात केबल गेली पाहिजे.

जोडूनही आवाज नाही? टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (टीव्ही आणि सेटनं एचडीएमआयमधून एकमेकांना चालवायची सोय) चालू करा, सॅमसंगमध्ये ते एनिनेट प्लस नावानं असतं, एलजीत सिमप्लिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. मग आवाजाचं आउटपुट एचडीएमआय एआरसी निवडा. तरी नाही झालं तर दोन्हीच्या पिना बोर्डातून काढून चार-पाच मिनिटं ठेवा आणि परत लावा, नुसतं रिमोटनं बंद-चालू करून ते जुळत नाहीत.

मागचे स्पीकर गप्प आहेत म्हणून सेट परत घेऊन दुकानात जायच्या आधी दोन गोष्टी. डिजिटल आउटपुट पीसीएम (टीव्हीनं आधीच उलगडलेला साधा आवाज) वर असेल तर बहुतेक टीव्ही दोनच चॅनल पाठवतात, ते ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पास थ्रू करा. दुसरं, तुम्ही बघताय त्यातच ५.१ आहे का? बातम्या, मालिका, फ्री डिशवरचे चॅनल यात दोन चॅनलचाच आवाज असतो, मागं काही येणार नाही. ओटीटीवर भाषेनुसार ट्रॅक बदलतो, एकाच सिनेमाचा हिंदी ट्रॅक ५.१ आणि दुसऱ्या भाषेचा साधा असं असू शकतं, ऑडिओच्या यादीत बघून घ्या. नेटफ्लिक्सवर ॲटमॉस (डॉल्बीचाच प्रकार, यात आवाज डोक्यावरूनही येतो) फक्त प्रीमियम प्लॅनवर आहे, त्यामुळं साधा प्लॅन ठेवून ॲटमॉसच्या नावानं जादा पैसे मोजायच्या आधी विचार करा. शिवाय ऑप्टिकल वायरीतून डॉल्बी डिजिटल ५.१ जातं पण ॲटमॉस जात नाही, त्याला एचडीएमआयच पाहिजे.

खोलीचा विचारच न करणं

आपल्याकडं खाली शहाबादी फरशी नाहीतर टाइल्स, वर स्लॅब, चारही बाजूनं सिमेंटच्या भिंती. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, झणझण असा शेपूट येत असेल तर कितीही महाग सेट लावा, बोलणं घुमणारच. यावर खर्च नाही लागत, सोफा आणि टीव्हीच्या मधी जाड सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा, जमलं तर सोफ्यामागच्या भिंतीला एखादी जाड वाकळ टांगा. जुन्या माळवदाच्या घरात मातीच्या जाड भिंती आणि वर लाकूड-माती असते म्हणून तिथं आवाज कमी घुमतो आणि साधा टेपही गोड वाजायचा.

दहा बाय दहाची चौकोनी खोली बासला सगळ्यात वाईट. दहा फुटाच्या अंतरात साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून फुगतो आणि लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळं तो दोन्हीकडून एकाच जागी फुगतो, म्हणून एकच ढोल सारखा घुमल्यासारखं वाटतं. त्यात सबवूफर कोपऱ्यात ढकललेला असला की अजून वाढतं. यावरचा जुना उपाय जरा विचित्र दिसतो पण काम करतो, सबवूफर उचलून तुम्ही बसता त्या जागी ठेवा, बासचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेनं रांगत फिरा, जिथं बास गोल आणि घट्ट ऐकू येईल तिथं सबवूफर ठेवा. पत्र्याच्या घरात तर सबवूफर भिंतीपासून लांब, खाली रबराची जाड शीट टाकून ठेवा आणि आवाज कमीच ठेवा, नाहीतर पत्रा, शोकेसची काच, भांड्याची मांडणी सगळंच वाजतं आणि लोकांना वाटतं स्पीकर फुटला.

स्पीकर जागा असेल तिथं टांगणं

समोरचे दोन स्पीकर आणि तुमची बसायची जागा यांचा साधारण समभुज त्रिकोण झाला पाहिजे, आणि बारीक, उंच सूर वाजवणारा छोटा ट्वीटर कानाच्या उंचीला. छताजवळ खिळा ठोकून टांगलेल्या स्पीकरातून बोलणं वरून येतं, पडद्यावरच्या माणसाच्या तोंडातून आल्यासारखं वाटत नाही. मागचे दोन एकदम पाठीमागं नको, कानाच्या रेषेच्या थोडंसं मागं, दोन्ही बाजूला. मधला स्पीकर सगळ्यात महत्त्वाचा कारण सिनेमातलं बहुतेक बोलणं त्यातूनच येतं, आणि घरोघरी त्यालाच शोकेसच्या आतल्या कप्प्यात कोंबून पुढं फ्लॉवरपॉट ठेवलेला असतो. तो कप्प्याच्या अगदी कडेला पुढं ओढा, समोरून थोडं वर उचला, आणि सेटिंगमध्ये सेंटर २-३ डेसिबल वाढवा. त्याच्या जोडीला नाईट मोड लावून बघा, हळू बोलणं वर येतं आणि स्फोटाचे आवाज खाली येतात. आजीची अर्धी तक्रार इथंच मिटते.

बास एकदम पातळ येतोय, आवाज मधून न येता कुठून तरी पसरून येतोय, तर एका स्पीकरची वायर उलटी आहे. वायरीच्या एका बाजूला रेघ असते, ती सगळीकडं एकाच रंगाच्या टोकाला लावा. टोकाच्या तारेचे केस एकमेकांना चिकटले तर ॲम्प्लिफायर बंद पडतो किंवा जळतो, म्हणून पिळून नीट घाला. सेटसोबत येणारी केसाएवढी वायर मागच्या स्पीकरला पुरवायला जोड मारत बसू नका, इलेक्ट्रिकच्या दुकानातून १ ते १.५ चौरस मिलिमीटरची खरी तांब्याची दोन पदरी वायर घ्या, दहा मीटरपर्यंत मजेत चालते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, टोक खरवडलं की आत पांढरी दिसते. घर बांधायचं चालू असेल तर गिलाव्याच्या आधीच स्पीकरचा वेगळा पाइप टाकून ठेवा, लाईटच्या पाइपातून स्पीकरची वायर ओढायची नाही.

भुणभुण आणि लाईटचा त्रास

काहीच लावलेलं नसताना सबवूफरमधून सारखी भुणभुण येत असेल तर डिशची किंवा केबलची गोल वायर काढून बघा. भुणभुण थांबली तर दोन वेगळ्या अर्थिंगमुळं ती येत होती, टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि सेट एकाच बोर्डवर घ्या. काही जण सल्ला देतात की तीन पिनातली अर्थिंगची पिन तोडून टाक, आवाज जातो. तसं अजिबात करू नका, त्यात शॉक बसून जीव जाऊ शकतो. आपल्याकडं उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते तशी अर्थिंगच्या खड्ड्यातली मातीही कोरडी होते आणि अर्थिंग नीट लागत नाही, त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं असतं हे कित्येक घरात कुणी सांगितलेलंच नसतं. फक्त इन्व्हर्टरवर असतानाच भुणभुण येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरीची वीज देणारा) आहे का बघा, ट्रान्सफॉर्मरवाले सेट त्याच्यावर भुणभुणतातच.

सेटच्या मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर डिम लाईटचा त्याला फारसा त्रास नाही. २२०-२४० च असेल आणि गावात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा. मे महिन्यात सेटवर रुमाल झाकून ठेवू नका, वर-मागं हवा खेळायला चार बोटं जागा पाहिजे. आणि वळवाचं आभाळ आलं, कडकडाट सुरू झाला की स्विच बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून काढायची आणि डिशची वायरही काढायची, कारण जवळ वीज पडली तर स्पाइक गार्ड (जादा व्होल्टेजचा झटका अडवणारा बोर्ड) काही वाचवत नाही.

बिल

शंभर-दोनशे रुपये वाचतेत म्हणून कच्ची चिठ्ठी घेऊ नका. जीएसटीचं बिल, त्याच्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, एवढं घेतल्याशिवाय उठायचं नाही. सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते पैसे द्यायच्या आधी विचारा, नुसतं पुण्यालाच असेल तर परभणी-हिंगोलीहून सबवूफर उचलून कोण नेणार. अडॅप्टर वेगळा येत असेल तर त्याच्यावर आयएस नंबर (भारतीय मानकाचा) आणि आर पासून सुरू होणारा नोंदणी नंबर आहे का बघा. खोकं आणि थर्माकोल निदान महिनाभर टाकू नका, बदलून देताना ते मागतात. दुकानदार आणि कंपनी दोघंही टोलवायला लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, बिल समोर धरूनच फोन लावा.